नदीकाठचा तांबडा हात

"हात वर केला म्हणजे थांब. ह्यात न समजण्यासारखं काय आहे, बाबा?"

नीळकंठाच्या अंगावरून पाणी निथळत होतं. आत्ताच त्यानं वस्तीवरच्या ठकूबाईला डोहातून ओढून काढलं होतं, पाठीशी बांधलेल्या लेकरासकट.

लतिफबाबा फकीर धुनीत फुंकर घालत राहिले.

आता त्याचं झालं होतं असं. पुरानं नदीची वाट मोडली आणि नदी ओलांडायच्या जुन्या उताराचा पुरुषभर डोह झाला. शहरात चित्रकला शिकून बाबांपाशी आलेल्या नीळकंठानं तिथं एक शहाबादी फरशी उभी केली. तिच्यावर मोठा तांबडा हात रंगवला. खाली लिहिलं, थांबा. आंधळ्यालासुद्धा कळेल, असं गावभर सांगत सुटला.

"अडाणी आहेत ही माणसं."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"



बाबांनी तिच्याकडे बोट केलं. शेवटी नीळकंठ शेकत बसलेल्या ठकूबाईकडे वळला.

"मावशी, तो हात दिसला नाही?"

"दिसला की! कुंकू लावलं, नारळ फोडला. आईनं हात वर केलाय, भिऊ नको म्हणतीय... म्हणून तर उतरले. न्हाईतर लेकरू घेऊन मी कशाला मरायला जातेय?"

नीळकंठाचं तोंड एवढंसं झालं. उताराशी धावला, तर खरंच... हात कुंकवानं माखलेला, खाली तांदूळ.

"खरवडून टाकतो, बाबा. आज बाजार. मागनं सगळ्या वस्तीच्या बायका येतील."

"पुसू नकोस."

बाबांनी बाभळीची काटेरी फांदी फरफटत आणली. शेताच्या तोंडाला टाकतात तशी वाटेवर आडवी टाकली. मग फरशीला हात घातला.

"धर."

दोघांनी ती वरच्या अंगाला नेली. तिथं पाणी घोट्याएवढं होतं.

बायका आल्या. काटे बघून वळल्या. हाताला कुंकू लावलं, अन् पोराबाळांसकट हसत-खिदळत पार झाल्या.

सगळ्यांच्या मागं ठकूबाई. पलीकडनं ओरडली, "ज्यानं हे ठाणं मांडलं, त्याचं भलं होऊ दे रं बाबा!"

नीळकंठाला हसू फुटलं, डोळेही भरले. तरी राहवेना.

"पण बाबा, खाली मी 'थांबा' लिहिलंय..."

"थांबतात की," बाबा म्हणाले. "कुंकू लावण्यापुरत्या."