माडीची नाव

खाडीच्या दोन काठांना दोन गावं होती, आणि ही गोष्ट आहे खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. अलीकडच्या गावात भात पिकायचं. बाजार मात्र पलीकडच्या गावात भरायचा आणि वैद्यही तिकडेच राहायचा. त्यामुळे अलीकडच्या माणसाला अधूनमधून पाणी ओलांडावंच लागे.

लोकांना पलीकडे नेण्याआणण्याचं काम बाळकू तांडेल करायचा. त्याच्या होडीत बारा माणसं बसत. पंचवीस वर्षांत त्याच्या होडीतून कुणी पाण्यात पडलं नव्हतं, म्हणून दोन्ही गावांत त्याच्या शब्दाला मान होता. वारा कधी फिरेल, भरती कधी लागेल, हे लोक त्यालाच विचारत.

पण गावं वाढली आणि बारा माणसांची होडी अपुरी पडू लागली. बाजाराच्या दिवशी लोक सकाळपासून दुपारपर्यंत काठावर ताटकळत. शेवटी दोन्ही गावांनी गावप्रमुख असलेल्या गावकरांपुढे एकत्र बसून ठरवलं की साठ माणसांची मोठी नाव बांधायची. त्यासाठी खालच्या बंदरातून शाबा मेस्त्रीला बोलावलं. शाबा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होतं. आठ महिने खपून त्यानं नाव उभी केली. दोन शिडं, आठ वल्ही आणि वर चक्क माडी. माडीवर बसायला बाकं होती, भोवती नक्षीचा कठडा होता.

लोक बघायला आले आणि मान हलवत परत गेले. "घराला माडी ठीक आहे," कुंभारीण म्हणाली, "पाण्यावर माडी कशाला हवी?" मग सगळे बाळकूकडे वळले. "तांडेल, तुम्ही सांगा. ही नाव टिकेल का?"

ती नाव पाण्यात उतरली तर आपल्या होडीत कोण बसणार, हा एकच विचार आठ महिने बाळकूच्या डोक्यात घोंघावत होता. नावेजवळ तो एकदाही गेला नव्हता. पण एवढी माणसं तोंडाकडे बघत होती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "लाकूड ओलं वाटतं."

एवढंच तो बोलला. पण ते वाक्य भरतीबरोबर पलीकडे गेलं आणि ओहोटीबरोबर परत आलं. परत आलं तेव्हा ते ओळखू येईना. फळ्या ओल्या आहेत, सुकल्या की फटी पडणार. खिळे गंजलेले आहेत. या मेस्त्रीची आधीची नाव बुडाली, म्हणूनच तो इकडे पळून आला. बाळकूनं हे सगळं ऐकलं. यातलं किती आपलं आणि किती लोकांचं, हे त्याला कळत होतं. पण तो गप्प राहिला.

नाव पाण्यात उतरली. धक्क्याला लागली. पहिल्या दिवशी कुणी चढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वल्हेकरी वल्ही मांडीवर घेऊन बसत आणि संध्याकाळी घरी जात. कोण पहिला चढतो ते बघायला लोक धक्क्यावर येत, पण स्वतः कुणीच चढत नसे. असे बारा दिवस गेले.

बाळकूला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्याचं कशात लक्ष लागेना. जेवताना तो मध्येच उठे आणि अंगणात फेऱ्या मारी. होडीचा दोर बांधे, सोडी, पुन्हा बांधे. एकदा तर एकही उतारू नसताना तो उगाच पलीकडे जाऊन परत आला.

तेराव्या दिवशी एक विणकर तापानं फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन काठावर आला. होडीत बारा माणसं आधीच बसलेली होती. वारा चढला होता. तेरावं आणि चौदावं माणूस घेणं शक्य नव्हतं, आणि उतरायला कुणी तयार होईना.

"पुढच्या खेपेला नेतो," बाळकू म्हणाला.

विणकरानं तीस पावलांवर रिकाम्या उभ्या असलेल्या मोठ्या नावेकडे पाहिलं. "तांडेल, ती नाव खरंच तशी आहे का हो?"

बाळकूनं वल्हं उचललं आणि म्हणाला, "लोक म्हणतात."

खेप होऊन तो परत येईपर्यंत विणकर उन्हात उभाच होता. मुलगी पलीकडे वैद्याकडे पोचली आणि चार दिवसांनी बरीही झाली. पण ते दोन शब्द बाळकूच्या अंगाला चिकटून राहिले. लोक काय म्हणतात ते लोकांच्या तोंडी कुणी घातलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्याच संध्याकाळी शाबा मेस्त्री त्याच्या दारात आला. ओटीवर बस म्हटलं तरी बसला नाही.

"तांडेल, तुम्ही माझ्या नावेवर पाय न ठेवता तिच्याबद्दल बोललात," तो म्हणाला. "आता पाय ठेवून बोला. तीन दिवस घ्या. फळी न् फळी तपासा. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं धक्क्यावर जमतील. गावकरांनी सांगितलंय, तुम्ही म्हणाल ते होईल. तुम्ही नको म्हणालात तर मी माझ्या हातानं नाव फोडीन."

बाळकूला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्या दिवशी तो नावेच्या तळात उतरला. अणकुचीदार खिळा घेऊन त्यानं एकेक फळी टोचून पाहिली. लाकूड वाळलेलं होतं, टणक होतं. सांध्यांत कापूस आणि राळ गच्च भरलेली होती. तळाला हात लावला तर तो कोरडा. बाळकूच्या लक्षात आलं की प्रत्येक चांगल्या फळीसरशी आपला चेहरा उतरतोय, आणि हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं नाव खाडीच्या मधोमध नेली. आडव्या वाऱ्यात वळवली. ती शहाण्या बैलासारखी वळली. सुकाणूवर हात ठेवून उभा असताना क्षणभर त्याला आनंद झाला, आणि तो आनंद त्यानं शाबाला दिसू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी शाबा धक्क्यावर थांबला आणि बाळकू आठही वल्हेकऱ्यांना घेऊन खाडीच्या मध्ये गेला. तिथे नांगर टाकून सगळे माडीवर चढले. "सगळे उजव्या कठड्याशी या," बाळकू म्हणाला. ते आले. नाव हळूच उजवीकडे झुकली. "आता मध्ये या." ते मध्ये आले. नाव सरळ झाली, पण लगेच नाही. जराशी रेंगाळली आणि मग सावकाश उठली.

वल्हेकऱ्यांना त्यात काही वाटलं नाही. बाळकूनं मात्र ते टिपलं. पाण्यावर जन्म घालवलेल्या माणसाला त्या रेंगाळण्याचा अर्थ कळतो. आठ माणसांना ती इतकी झुकली. तीस माणसं माडीवर असतील, एखादा मोठा मासा उडाला म्हणून सगळी एका बाजूला धावतील, तेव्हा ही नाव परत उठणार नाही.

तो घरी आला. त्याची बायको आवडी चुलीपुढे होती. "सापडलं का काही?" तिनं विचारलं.

"सापडलं."

"मग सुटलात की तुम्ही."

आवडीनं त्याच्याकडे पाहिलं. "केवढं आहे ते?"

तो अंगणात गेला, तिथून काठावर गेला, काठावरून पुन्हा अंगणात आला. उद्या नुसतं एवढं म्हटलं की नावेत दोष आहे, तरी पुरे. ते खोटंही नसेल. नाव फुटेल आणि होडी चालू राहील. काहीच बोललो नाही आणि नाव बुडाली, तर लोक म्हणतील बाळकू आधीच सांगत होता. दोन्ही बाजूंनी आपलं बरंच होत होतं, आणि तरी त्याला एका जागी बसवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गावकर पुढे बसले होते. शाबा हाताची घडी घालून उभा होता.

"बोला तांडेल," गावकर म्हणाले.

बाळकू पुढे आला. "मी म्हणालो होतो की लाकूड ओलं आहे," तो म्हणाला. "ते खोटं होतं. तेव्हा मी लाकडाला हातही लावला नव्हता. माझी होडी बंद पडेल या भीतीनं मी तसं बोललो. लाकूड उत्तम आहे. खिळे उत्तम आहेत. असं सुकाणू मी आजवर धरलं नव्हतं."

लोकांत कुजबुज झाली. शाबाचा चेहरा खुलला.

"पण माडी चुकली आहे," बाळकू पुढे म्हणाला. "काल वर आठच माणसं होती, तरी ती झुकली. वर माणसं भरली आणि एका बाजूला सरकली, तर नाव आडवी होईल."

शाबाचा चेहरा पुन्हा ताठर झाला. "माझी माडी? आठ माणसांनी झुकली म्हणता? झुकते तशी उठतेही."

"आठ जणांसाठी उठते. माझ्या बोलण्यावर जाऊ नका, मेस्त्री. माझं बोलणं एकदा खोटं ठरलंच आहे. पोती आणा, वाळू भरा, माणसांच्या जागी ती ठेवून बघू."

नाव काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात आणली. लोकांनी पोती भरली आणि माडीवर उजव्या कठड्याशी एकेक करत रचली. दहा झाली, पंधरा झाली. नाव झुकली, पण उभी होती. शाबानं बाळकूकडे विजयानं पाहिलं. बाविसावं पोतं ठेवलं आणि माणसं खाली उतरली, तेवढ्यात वरची पोती सरकली. कठडा पाण्याला लागला. मग नाव कुठलाही आवाज न करता, झोपल्यासारखी, कुशीवर आडवी झाली.

कुंभारणीनं दोन्ही मुलांचे हात घट्ट धरले. तिच्या मुलांना माडीवरच बसायचं होतं.

मग आवाज उठू लागले. "बघितलंत? आम्ही म्हणतच होतो." "फोडा ती नाव." लोक घराकडे वळू लागले. गावकरही उठले. शाबा काठावरच्या वाळूत बसला होता आणि त्याची मान खाली होती.

बाळकूचं काम खरं तर संपलं होतं. तो कपड्यांनिशी पाण्यात उतरला, नावेच्या डोलकाठीला दोर बांधला आणि दोराचं टोक घेऊन काठावर आला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "आज बुडालं कोण? वाळू बुडाली. दोष कळला म्हणून नाव फोडायची असेल, तर आधी माझी होडी फोडा. डाव्या बाजूला वजन पडलं की तिच्यात पाणी येतं. हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे, म्हणूनच मी कुणाला डावीकडे उभं राहू देत नाही. ती निर्दोष आहे म्हणून तुम्ही आजवर वाचला नाहीत. तिचा दोष मला ठाऊक आहे म्हणून वाचलात. या नावेचा दोष आज तुम्हा सगळ्यांना ठाऊक झाला. माडी काढली की तो जाईल."

कुणी जागचं हललं नाही. मग विणकर पुढे आला आणि त्यानं दोराला हात घातला. त्याच्यामागून वल्हेकरी आले. कुंभारीण आली. शेवटी शाबा उठला आणि बाळकूच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माडी मी हौसेनं बांधली होती," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय ते," बाळकू म्हणाला. "ओढा."

नाव सरळ व्हायला दुपार झाली. पुढच्या वीस दिवसांत शाबानं माडी उतरवली, तळात जड दगड बसवले आणि नावेच्या दोन्ही कुशींवर पांढरी रेघ ओढली. रेघ पाण्याला टेकली की त्यानंतर एकही माणूस घ्यायचं नाही. सुकाणू कुणाच्या हाती द्यायचं यावर मात्र चर्चा झाली नाही. शाबानं ते बाळकूच्या हाती दिलं, आणि बाळकूची होडी दुसरा एक नावाडी चालवू लागला.

पहिल्या दिवशी सात माणसं चढली. दुसऱ्या दिवशी नऊ. आडवी झालेली नाव लोकांच्या डोळ्यांपुढून इतक्या लवकर जाणार नव्हती. बाळकूनं कुणाला आग्रह केला नाही. रोज पहाटे तो तळात उतरून हातानं चाचपून बघे आणि मगच लोकांना बोलवी.

मग सणाचा बाजार आला. होडी एकटी पुरेना आणि लोक नाइलाजानं नावेत चढले. हळूहळू नाव भरली. पांढरी रेघ पाण्याला टेकली तेवढ्यात गावकर घाईघाईनं धक्क्यावर आले. त्यांच्या भाच्याचं पलीकडे लग्न होतं, आणि मुहूर्त जवळ आला होता.

"एकटाच आहे मी, बाळकू," ते म्हणाले. "एका माणसानं काय होतं?"

बाळकूनं रेघेकडे पाहिलं. ज्या माणसाच्या शब्दावर आपलं सुकाणू राहणार की जाणार हे ठरतं, तोच समोर उभा होता.

"पुढच्या खेपेला, गावकर," तो म्हणाला, आणि त्यानं दोर सोडला.

नावेतली माणसं मागे वळून बघत राहिली. रेशमी उपरणं घेतलेले गावकर धक्क्यावर उभे होते आणि त्यांच्या नि नावेच्या मधलं पाणी वाढत होतं. काठ सुटल्यापासून कठडा घट्ट धरून बसलेल्या कुंभारणीनं हात सोडला आणि मांडीवरच्या मुलाला थोपटू लागली.

गावकरांचा मुहूर्त चुकला. चार दिवस ते बाळकूशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बायकोमुलांना घेऊन आले, नावेची रेघ पाहिली आणि न बोलता आत जाऊन बसले. त्यानंतर ती नाव कधी रिकामी गेली नाही.

तात्पर्य एवढंच, की शंका जेवढी असेल तेवढीच सांगावी. फुगवून सांगितली तर चांगली नाव काठावर सडते, आणि गिळून टाकली तर माणसं पाण्यात जातात.