पैमामांचा वेगळा डबा

एका चातुर्मासात आमच्या शेजारपाजारच्या बायकांनी काही ना काही सोडलं होतं. कुणी कांदा, कुणी वांगं. जाऊबाईंनी कॉफी सोडली आणि पहिले काही दिवस डोकं बांधून बसल्या. रोजची कॉफी एकदम बंद केली की डोकं दुखतंच. मी खाण्यातलं काही सोडलं नाही. मी वेगळाच नेम धरला. तो ऐकून जाऊबाई म्हणाल्या, “अगं, यात तू सोडलंस काय?” मी म्हटलं, आधी गोष्ट ऐका. तीच आज तुम्हाला सांगते, नेम ओघात येईलच.

घाटाच्या पायथ्याशी बाजाराचं एक गाव होतं. तिथे दामोदर पै कॉफीचं दुकान चालवत. गाव त्यांना पैमाम, म्हणजे पैमामा, म्हणे. खाली दुकान, वर घर. दक्षिणेकडच्या डोंगरांतून कॉफीच्या बियांची पोती येत. माम त्या स्वतः भाजत, दळत आणि गिऱ्हाइकासमोर पुडी बांधत. भाजण्याचा वास सुटला की बाजारात आलेली माणसं हातातलं काम टाकून दुकानाकडे वळत. कुणाला चिकोरी घातलेली हवी असली तर माम सांगून घालत. ते म्हणत, “हे एक मूळ असतं. रंग येतो, दाटपणा येतो, कॉफी स्वस्त पडते. पण ती कॉफी नव्हे.” असा त्यांचा सरळ व्यवहार होता.

आपल्याकडे उपासाला कॉफी चालते. त्यामुळे सणावाराला मामांचं दुकान भरलेलं असे. बायका साबुदाण्याबरोबर कॉफीची पुडी घेत आणि वर जायफळ मागत. दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोड्याची कॉफी हाच कित्येकींचा दिवसभराचा आधार असे.

एका वर्षी समुद्रापार ब्राझील देशात कडाक्याची थंडी पडली. जगात सगळ्यात जास्त कॉफी पिकते ती तिथे. तिथली झाडं करपली आणि आपल्या गावात कॉफीचा भाव चढला. बायकांना हे पटेना. त्या विचारत, झाडं तिकडची करपली, आमची तर इथल्या डोंगरातली, मग ती का महाग? माम समजावून सांगत, की कॉफीचा भाव डोंगरात ठरत नाही. तो दूरच्या मोठ्या शहरांत ठरतो. तिकडे माल कमी पडला की परदेशचे व्यापारी आपल्याकडे वळतात, चढा भाव देतात आणि इथल्या बिया जहाजातून तिकडे जातात. मळेवाल्याला चार पैसे जास्त मिळतात आणि आपल्या बाजारात पोती कमी येतात. बायका ऐकून घेत आणि रिकामी पिशवी घेऊन परत जात. जाताना एखादी म्हणे, “चहा बरा बाई, त्याला निदान थंडी वाजत नाही.”

मामांना काळजी पडली. दुकान वडिलांच्या वेळचं. गिऱ्हाईक एकदा चहाकडे गेलं की परत येणार नाही, असं त्यांना वाटू लागलं. त्याच सुमाराला बाजारातल्या एका दलालाने त्यांना युक्ती सांगितली. हरभरे काळेभोर भाजायचे, दळायचे आणि कॉफीत मिसळायचे. रंग तोच. वास थोडा वेगळा येतो, पण बायका जायफळ घालतात, त्यात तो झाकला जातो. भाव वाढवायला नको आणि गिऱ्हाईकही हलत नाही.

पैमामांनी तसं केलं.

पण घरी मात्र त्यांनी शुद्ध कॉफीचा एक वेगळा पितळी डबा भरून ठेवला. त्याला कारण होतं. त्यांच्या पत्नी कुमुदवहिनींनी श्रावणापासून सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी रत्ना बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला आधी दोनदा दिवस गेले होते, पण टिकले नव्हते. या खेपेला तरी सगळं सुखरूप व्हावं, म्हणून हे व्रत. सोमवारी दिवसभर वहिनी अन्न घेत नसत, फक्त कॉफी घेत. उपासाला हरभरा चालत नाही. एक सोमवार जरी मोडला तरी व्रत पहिल्यापासून धरायचं, आणि मग रत्नाच्या बाळंतपणाआधी ते पुरं झालं नसतं. आपल्या हाताने बायकोचा उपास मोडायचा, हे काही मामांच्याने होईना. वहिनींना वाटे, आपला नवरा किती मायेचा, आपल्यासाठी वेगळी कॉफी ठेवतो.

रत्नाच्या बाबतीतही माम दक्ष होते. गरोदरपणी कॉफी बेताने घ्यावी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माम तिला अर्ध्या कपावर एक थेंब जास्त देत नसत. दुकानात मात्र उपाशी बायकांना सांगत, “घ्या हो, उपासाला कितीही घ्या.” उपाशीपोटी कपामागून कप कॉफी घेतली की छातीत जळजळतं, धडधडतं, रात्रीची झोप जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरचा कायदा वेगळा आणि दुकानाचा वेगळा.

नवरात्र आलं. अष्टमीला देवीचा जागर होता. भजनी मंडळाने मामांच्या दुकानातून कॉफी नेली, मोठं पातेलं भरून केली आणि सगळे दोन-दोन कप प्यायले. तरी सगळे पेंगले. कॉफीतली तरतरी हरभऱ्यात कुठून येणार? दुसऱ्या दिवशी गावभर हशा झाला, की देवी एकटीच जागी होती. तबलजी विनायकराव तर तबल्यावर डोकं ठेवून झोपले होते. पण दोष कुणावर आला, तर जायफळावर. जायफळाने झोप येते, ते जास्त पडलं असणार. ज्या काकूंनी ते उगाळलं होतं, त्यांनी सगळ्यांची बोलणी ऐकून घेतली. पैमामही तिथेच होते. तेही हसले.

कार्तिकात वहिनींच्या व्रताचं उद्यापन आलं. मेहुणं जेवायला बोलावली होती. भजनी मंडळ आलं होतं. पूजा संध्याकाळी होती आणि तोवर वहिनींचा उपास होता. शेजारच्या इंदिराताई सकाळपासून स्वयंपाकघरात राबत होत्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून अंथरुणावर होते, अर्धं अंग गेलेलं. त्यांच्यासाठी इंदिराताईंचेही उपास चालू असत.

दुपार कलली, पाहुण्यांची पंगत बसली. वहिनी दमून खांबाला टेकल्या. इंदिराताईंनी त्यांच्यासाठी कॉफी करून आणली आणि सहज म्हणाल्या, “घरचा डबा संपलाय हं वहिनी. मी खाली दुकानातून घेऊन आले. आम्ही नवरात्रभर तीच प्यायलो की.”

वहिनींनी कप तोंडाशी नेला.

पैमाम समोरच उभे होते. ते चटकन पुढे झाले आणि त्यांनी वहिनींच्या हातातून कप काढून घेतला. सगळ्यांनी पाहिलं. माम म्हणाले, “गार झालीय. मी दुसरी आणवतो.” वहिनी म्हणाल्या, “अहो, वाफ येतेय की.” कप घेऊन ते मोरीकडे निघाले. त्यांना वाटलं, सुटलो. व्रत वाचलं, आणि कुणाला काही कळलंही नाही.

तेवढ्यात इंदिराताईंनी त्यांना अडवलं. त्यांच्या हातातून कप घेत त्या म्हणाल्या, “टाकता कशाला माम? दूध-साखरेची वस्तू. मला गार चालते. माझाही आज सोमवारच आहे.”

आता ऐका. इथे पैमाम गप्प बसले असते, तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यांची बायको वाचली होती. मुलीसाठी धरलेलं व्रत वाचलं होतं. इंदिराताई तर नवरात्रापासून तेच पीत आल्या होत्या, आणखी एका कपाने काय होणार होतं? हे सगळं मामांच्या मनात येऊन गेलं. आणि समोर इंदिराताई डोळे मिटून, कप कपाळाशी धरून देवाचं नाव घेत होत्या.

मामांनी कपाच्या तोंडावर हात ठेवला. कॉफी चांगली कढत होती.

“पिऊ नका, ताई,” ते म्हणाले. “यात हरभरे आहेत.”

पंगतीतल्या माणसांचे हात पानावरच थांबले. इंदिराताईंना क्षणभर कळेना. मग त्यांनी हळूच विचारलं, “आणि नवरात्रातली?”

“तीही.”

कुमुदवहिनी खांबाचा आधार घेऊन उठल्या. “म्हणून माझा डबा वेगळा होता होय,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, माया आहे.” एवढंच बोलून त्या देवघरात जाऊन बसल्या.

इंदिराताईंनी कप खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, “माझं मन देवाला माहीत आहे, त्यामुळे माझा उपास त्याने मोजला असेल. पण माम, मी उपास करते ते तुम्हालाही माहीत होतं.” आणि पदराला हात पुसून त्या आपल्या घरी गेल्या.

शेवटी विनायकरावच म्हणाले, “म्हणजे त्या बिचाऱ्या जायफळाची माफी मागायला हवी.” कुणी हसलं नाही, पण पंगत पुन्हा जेवू लागली. संध्याकाळी वहिनींनी पूजा केली, चुरम्याचा प्रसाद सगळ्यांना वाटला आणि इंदिराताईंचा वाटा स्वतः नेऊन दिला. त्या रात्री त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पैमामांनी मिसळलेली सगळी भुकटी गावाबाहेर खड्डा करून पुरली. मग दुकान उघडून बसले आणि येईल त्याला तोंडाने सांगू लागले, की मी कॉफीत हरभरे मिसळत होतो, तुमचे उपास माझ्यामुळे मोडले. सांगताना त्यांची मान वर होत नसे. काहींनी दुकानाची पायरी चढायचं सोडलं. काहीजण ऐकायला म्हणून मुद्दाम आले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मला वाटलं, माझीच जीभ म्हातारी झाली.”

कॉफी आता शुद्ध होती आणि महाग होती. माम स्वतःच सांगू लागले, “थोडी घ्या. सकाळी काही पोटात गेल्यावर एक कप घ्या, तरतरी येईल, कामाला हुरूप येईल. जागरण नसेल तर संध्याकाळनंतर नको. ज्यांच्या छातीत धडधडतं, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि उपास असेल तर आधी एखादं केळं खा हो, नुसत्या कॉफीवर दिवस काढू नका.” दलाल हे ऐकून गेला आणि बाजारात म्हणाला, पै स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक कमी करतोय. गिऱ्हाईक कमी झालंही. पण ज्या बायका थोडी, शुद्ध आणि खाऊन झाल्यावर कॉफी घेऊ लागल्या, त्यांची जळजळ थांबली, झोप सुधारली. त्या हळूहळू परत आल्या. बाजाराचा तो जुना वास परत आला. जहाजं तशीच जात राहिली, भाव खालीवर होत राहिले. त्यावर मामांचा इलाज नव्हता. पण पुडीत काय बांधायचं, ते त्यांच्या हातात होतं.

इंदिराताई मात्र आल्या नाहीत.

मार्गशीर्षात रत्ना बाळंत झाली. मुलगी झाली, दोघीही सुखरूप. बारशाला कुमुदवहिनी स्वतः इंदिराताईंना बोलवायला गेल्या. येतील की नाही, याची खात्री नव्हती. पाळणा सजला, बायका जमल्या आणि अगदी शेवटी इंदिराताई आल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या तळहातावर बोट ठेवलं. बाळाने ते घट्ट धरलं.

पैमाम कॉफीचा कप घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ठेवून उभे राहिले. बसायचा त्यांना धीर होईना.

इंदिराताईंनी कपाकडे पाहिलं. विचारलं, “कुठल्या डब्यातली?”

“आता एकच डबा आहे, ताई,” माम म्हणाले. “घरचा आणि दुकानाचा.”

इंदिराताईंनी बाळाच्या मुठीतून बोट सोडवलं, कप उचलला आणि घोट घेतला. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, “जायफळ थोडं कमी पडलंय.”

तात्पर्य: आपल्या माणसासाठी जे शुद्ध ठेवतो, तेच परक्याला देणं ही खरी सचोटी. वेगळा डबा ठेवावा लागला, की समजावं आपलं कुठेतरी चुकतंय.

तर त्या चातुर्मासातला माझा नेम हा होता: जे मी माझ्या पानात वाढून घेणार नाही, ते दुसऱ्या कुणाला देणार नाही. डागाळलेलं फळ कामाच्या बाईला नाही, शिळा चिवडा रखवालदाराला नाही. जाऊबाईंना मग पटलं, यात काय सोडावं लागतं ते. नेम सोपा वाटतो, पण रोज आठवावा लागतो. तुम्हीही धरून पाहा. चातुर्मासाची वाट पाहू नका. उद्या सकाळी कुणाच्या हातात कॉफीचा कप द्याल, तिथूनच सुरुवात करा. एवढं माझं ऐका.