कोहेनारचा विचाऱ्या

फार वर्षांपूर्वी, डोंगराला सडक फुटली नव्हती आणि नदीला पूल ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या आजाला विचारलं तर तो म्हणायचा, माझ्या आजाला विचार.

घनदाट जंगलात कोहेनार नावाचं माडिया लोकांचं गाव होतं. गावाची घरं आणि आंब्याची झाडं नदीच्या अल्याड होती. पल्याड होते गावाचे मोह, आणखी आंबे आणि मेलेल्या माणसांच्या आठवणीला उभे केलेले दगड. गाव मात्र एकच. मधून नदी वाहायची, तर वाहू दे, तिला कोण अडवणार?

त्या गावात लालसू नावाचा भूमिया होता. भूमिया म्हणजे जमिनीचा मालक नव्हे बरं का. कोहेनारात जमिनीचा मालक कुणीच नव्हता. ज्याला पोट आहे त्याने गावाला विचारून रान कसावं, आणि कसणं सोडलं की ते रान पुन्हा सगळ्यांचं. भूमियाचं काम एकच, सगळ्यांच्या वतीने भुईला विचारायचं. पेरू का? मोह वेचू का? आंबा खाऊ का? भुई हो म्हणाली की नव्या फळाचा सण व्हायचा, आणि मगच लेकराच्या तोंडात पहिली फोड जायची. त्याआधी आंबा नाकावर येऊन पडला तरी खायचा नाही.

आता भुई हो म्हणाली हे कळायचं कसं? तर कोंबडीकडून. भूमिया पानावर तांदळाचे दाणे ठेवायचा, कोंबडी समोर धरायचा आणि प्रश्न विचारायचा. कोंबडीने दाणा टिपला तर हो, नाही टिपला तर नाही.

सगळेच भूमिये विचारतात, पण लालसूचं विचारणं म्हणजे अतीच होतं. दात घासायला काडी मोडायची तर झाडाला विचारायचा. सावलीत बसायचं तर सावलीला विचारायचा. शिंक आली तरी आधी नाकाला विचारतो, असं लोक म्हणायचे. म्हणून त्याचं नावच पडलं विचाऱ्या. पोरं मुद्दाम जाऊन म्हणायची, "विचाऱ्या, आम्ही हसू का गा?" तो खरंच थोडा वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, "हसा." मग पोरं पोट धरून हसायची. त्याची बायको पोदी मोठी फटकळ. ती ज्याला त्याला सांगायची, "लगन करताना मात्र यानं मले विचारलं नाई."

तर त्या काळी नदीच्या अल्याड एक राजा होता आणि पल्याड एक राजा होता. दोघांनीही कोहेनार कधी पाहिलं नव्हतं. पण मधलं जंगल आपलं, असं अल्याडचा म्हणाला, आणि पल्याडचा म्हणाला, आपलं. झालं, लढाई जुंपली. वरच्या अंगाला एका गावाने अल्याडच्या राजाचं नाव घेतलं, तर पल्याडच्यांनी ते जाळलं. दुसऱ्याने पल्याडच्याचं घेतलं, ते अल्याडच्यांनी जाळलं. एका गावाने कुणाचंच नाव घेतलं नाही, ते दोघांनी मिळून जाळलं.

बातमी कोहेनारला आली तेव्हा गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकघरासमोर, सगळे जमले. दस्सा नावाचा एक तापट गडी म्हणाला, "एकाची बाजू धरा गा. कोनाची बी धरा, पन धरा." म्हातारे म्हणाले, नको, डोंगरात पळू. शेवटी पळायचंच ठरलं. बायांनी बी-बियाणं टोपल्यांत भरलं, गड्यांनी कुऱ्हाडी घेतल्या, गाठोडी बांधली. तेवढ्यात विचाऱ्या कोंबडी काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "जायच्या आधी भुईले विचारू."

लोकांनी कपाळावर हात मारला. पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण गावाची रीतच तशी होती. भुईला विचारून गेलं तर परत येता येतं. न विचारता गेलं तर परत येणारा परका म्हणून येतो, आणि परक्याला त्या रानात हक्क नाही. जीव वाचेल पण जमीन जाईल, हे लहान पोरालाही कळत होतं.

विचाऱ्याने दाणे मांडले आणि विचारलं, "जाऊ का?"

कोंबडीने दाण्यांकडे पाहिलं. मान वाकडी करून विचाऱ्याकडे पाहिलं. आणि ती पाय पोटाशी घेऊन खाली बसली.

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. जागा बदलून पाहिली, तांदूळ बदलून पाहिले. कोंबडी डोळे मिटून घ्यायला लागली. दस्सा ओरडला, "घर जळत असलं तरी विचारतच बसशील का?" विचाऱ्याने दाणे पुन्हा गोळा केले. तोही भ्यालेला होता हो, भूमिया झाला म्हणून काय झालं. तो म्हणाला, "भुई नाई म्हणून राह्यली. मी का करू?"

अशी गाठोडी बांधून गाव बसून राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अल्याडून सटवाजी नावाचा सरदार फौज घेऊन आला, आणि पल्याडच्या काठावर मलय्या नावाच्या सरदाराची फौज येऊन उभी राहिली.

सटवाजीने येताक्षणी हुकूम सोडला, राजाचं निशाण रोवा. शिपायांनी काठी रोवायला घेतली. असं म्हणतात, पहिल्या जागी खाली कातळ लागला. दुसऱ्या जागी पाणी उसळलं. तिसऱ्या जागी काठी नीट आत गेली, शिपायांनी हात सोडले, आणि भुईने ती काठी चिंचोक्यासारखी थुंकून टाकली. सटवाजी लालबुंद झाला. शेवटी दोन शिपाई काठी हातात धरून उन्हात उभे राहिले.

"ए म्हाताऱ्या," सटवाजी म्हणाला, "हे गाव कुणाचं?"

"विचारावं लागेल," विचाऱ्या म्हणाला.

"सांज होईतो विचार. आमच्या राजाचं नाव आलं नाही तर घरं पेटवीन."

आणि पल्याडून मलय्याचा निरोप आला, आमच्या राजाचं नाव आलं नाही तर मोह तोडू, दगड उखडू. इकडे आड, तिकडे विहीर. पोदी दाराशी बसून पल्याडच्या दगडांकडे बघत होती. 

फौजांचा शिधा संपलेला होता आणि आंबे पिकून लोंबत होते. दोन्ही काठांवरचे शिपाई झाडांवर तुटून पडले. गावातल्या पोरांनी अजून एक फोड चाखली नव्हती, ती नुसती बघत राहिली. विचाऱ्या या झाडाखालून त्या झाडाखाली धावत होता, "आधी विचारा गा! विचारा अन् खा!" शिपाई हसले. एकाने कोय फेकून मारली, ती विचाऱ्याच्या कपाळाला लागली.

असं म्हणतात की ऊन कलायच्या आत दोन्ही फौजांच्या पोटात मुरडा उठला. साधासुधा नव्हे, माणूस घडीच्या चटईसारखा दुमडत होता. तलवारी झाडांना टेकलेल्या आणि माणसं झुडपांमागे. निशाण धरणारे दोघेही काठी टाकून पळाले. ज्या नदीकाठी लढाई व्हायची होती तिथे कण्हण्याशिवाय काही ऐकू येईना.

सटवाजी पोट धरून विचाऱ्यापाशी आला. "काय कालवलंस आंब्यात?"

"काई नाई कालवलं. तुमी विचारलं नाई."

"कुणाला?"

"भुईले."

सटवाजीने तलवार उपसली असती, पण तेवढ्यात आणखी एक कळ आली आणि तो मटकन खाली बसला. "बरं बाबा, विचार. माझ्या वतीने विचार."

"माझ्या तोंडानं नाई होत," विचाऱ्या म्हणाला. "ज्याचं पोट, त्याचं तोंड. तू कोन, तुझी माय कोन, गाव कोनतं, कायले आला अन् जाशील कधी, हे सगळं भुईले सांग. खरं सांग."

जंगलात सगळ्यांना तूच म्हणतात, राजालाही. सटवाजीला तो तू झोंबला, पण पोटापुढे मान कसला? कोंबडी आणली, दाणे मांडले. तो म्हणाला, "मी सटवाजी, या गावाचा धनी." कोंबडीने पाठ फिरवली. तो म्हणाला, "मी राजाचा सरदार." कोंबडीने शेपूट वर केलं आणि कोंबड्या जे करतात ते त्याच्या जोड्यावर केलं. शिपायांना हसू आलं, पण हसलं की पोटात कळ यायची.

सटवाजीने जोडा गवताला पुसला. त्याला आईचं नाव कुणी विचारून किती तरी वर्षं झाली होती. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी सटवा. सोनाईचा सटवा. पिंपळढवचा. भूक लागली म्हणून आलो."

"अन् जाशील कधी?"

त्याने आडव्या पडलेल्या निशाणाकडे पाहिलं. "मृगाच्या आधी," तो म्हणाला. "पेरणीला मी घरी असायचो."

आणि कोंबडीने टचकन दाणा टिपला.

त्याच क्षणी त्याच्या पोटातला पीळ सुटला, असं म्हणतात. पोदीने त्याला पानाच्या द्रोणात आंबील दिली, तिने पोट निवलं, असंही म्हणतात. मी दोन्ही सांगितलं, पटेल ते घ्या. पण त्यानंतर शिपायांची रांग लागली. मोठमोठे मिशीवाले गडी कोंबडीसमोर उकिडवे बसून आईचं नाव सांगत होते. गावाचं नाव घेताना कुणी आपल्या बैलांचीही नावं सांगून मोकळा व्हायचा. पलीकडच्या काठावरून मलय्या ओरडला, "आम्हांला पण विचारू द्या!" मग विचाऱ्या कोंबडी घेऊन डोंग्यात बसला आणि पल्याड गेला. मलय्याने आपल्या भाषेत आईचं नाव सांगितलं. कोंबडीला ते बरोबर कळलं.

झालं. आता दोन्ही फौजा एकाच घरच्या पाहुण्या झाल्या. पाहुण्यांनी यजमानाच्या अंगणात भांडायचं नसतं आणि त्याचं घरही मागायचं नसतं, एवढं तर राजाच्या माणसांनाही कळतं. अंगात ताकद आली तशा दोन्ही फौजा उठल्या आणि मृगाच्या आधी आपापल्या वाटेने गेल्या. गडावर राजाने विचारलं, "कोहेनार घेतलंत ना?" सटवाजी म्हणाला, "महाराज, तिथे मी विचारून जेवलो. आता ते गाव माझं असं कोणत्या तोंडाने म्हणू?" पल्याडच्या राजालाही तेच उत्तर मिळालं. राजे चिडले, पण पुन्हा त्या बाजूला कुणी फौज नेईना.

कोहेनारने गाठोडी सोडली. काय मोकळं वाटलं असेल त्या लोकांना! दस्सा तर मडकं मांडीवर घेऊन पोरासारखा रडला. त्याच दिवशी आंब्याचा सण झाला, ढोल वाजले, पोरांची तोंडं पिवळी झाली. विचाऱ्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "हिले सगळं ठाऊक होतं."

"तिले काई ठाऊक नव्हतं," पोदी म्हणाली. "जायचं ठरलं त्या दिवशी मी तिले आधीच टोपलंभर दाणे चारले होते. चोच उघडायची ताकद नव्हती तिची."

विचाऱ्याने कोंबडीच्या पाठीवरचा हात काढला. "मले विचारलं काहून नाई?"

"तुले विचारलं असतं तर तू कोंबडीले विचारलं असतं." मग तिचा आवाज बदलला. "माझे लेकरं हायेत त्या दगडापाशी. त्यायले टाकून मी कुठं जाऊ?"

असं म्हणतात, जन्मभर विचारत आलेला तो माणूस त्या घडीला काहीच विचारू शकला नाही. त्याने आंब्याची फोड कापली आणि पहिली पोदीला दिली. काही लोक पोदीचं सांगणं खरं मानत नाहीत. ते म्हणतात, भुईनेच कोंबडीला बसवलं. मला विचाराल तर भुई कधी कोंबडीकडून बोलते, कधी पोदीकडून, आणि आपण ऐकून घ्यावं.

पुढे पोदी गेली. तिचा दगड उभा राहिला. विचाऱ्या खूप म्हातारा झाला आणि एका सकाळी त्याने कोंबडीला हळूच काहीतरी विचारलं. तिने दाणा टिपला. तो डोंग्यात बसून पल्याड मोहांत गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

कोहेनार आजही तिथेच आहे, आणि आजही मध्येच सापडलेलं आहे. जंगलातून बंदूकवाले येतात, सडकेवरून बंदूकवाले येतात. झाडं मोजणारे येतात, माती तपासणारे येतात. गावाच्या शिवेवर विचाऱ्याच्या नावाचा एक दगड आहे, तिथे प्रत्येकाला थांबवतात आणि विचारतात, तू कोन, तुझी माय कोन, गाव कोनतं, कायले आला अन् जाशील कधी. काही जण उत्तर न देता पुढे जातात. त्यांना आंबील मिळत नाही. पण बरेच जण सांगतात, आणि आईचं नाव सांगताना माणूस बंदूक खांद्यावरून खाली घेतोच.

आणि गावात लेकरू जन्मलं की त्यालाही त्याच दगडापाशी नेतात. त्याचे इवलेसे पाय भुईला टेकवतात आणि एखादी म्हातारी तेच प्रश्न विचारते. आई लेकराच्या वतीने सगळी उत्तरं देते, लेकराचं नाव, आपलं नाव, गावाचं नाव. शेवटी म्हातारी विचारते, "अन् जाशील कधी?"

 ते उत्तर मात्र सगळं गाव मिळून देतं.

"नाई जात."