पहिला मुजरा वरच्या बाकांना

लंडनचा नट हार्विक प्रयोग संपला की पहिला मुजरा अगदी वरच्या, स्वस्त बाकांना करी. एकदा त्याला सिनेमात घ्यायला आलेले बडे निर्माते सर पेम्बरी पहिल्या रांगेत बसले होते. ते सगळ्यांदेखत गुरकावले, "मी समोर असताना आधी त्यांना? मग भूमिकाही त्यांच्याकडेच माग."

हार्विक शांतपणे म्हणाला, "साहेब, तिथून माझा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज पोचतो. तो खोटा लागला की ती माणसं खोकायची. त्या खोकल्यानंच मला नट केलं. तुम्ही न्यायला आलात, तो त्यांनी घडवलेला नट आहे."

सगळं नाट्यगृह बघत होतं. पेम्बरींना "भूमिका तुझीच" म्हणावंच लागलं. मग छातीवर हात ठेवून तेही वरच्या बाकांपुढे मोठ्या भक्तिभावाने वाकले.

वरून कुणीतरी खोकलं.