एका गारगोटीवर दोघे

मुलांनो, दर उन्हाळ्यात वणवा लागायचा अशा एका जंगलात एक ससा राहत असे. त्या जंगलात टेकडीच्या पोटात सायाळीने खणलेले एक भुयार होते. वणवा आला की लहान-मोठे सगळे प्राणी त्यात शिरत. भुयार इतके लांब आणि वळणावळणाचे होते, की तोंडाशी उभे राहून मारलेली हाक आत पोहोचत नसे. म्हणून सायाळीने एक रीत घालून दिली होती. आत जाणाऱ्याने ओढ्यातली एक पांढरी गारगोटी आणायची आणि तोंडाशी असलेल्या दगडाच्या खळग्यात ठेवायची. निघताना एक गारगोटी उचलायची. खळगा रिकामा झाला म्हणजे आत कुणी नाही, असे समजून सायाळ वरची माती पाडून भुयार बुजवून टाकी. पुन्हा धुराचा वास आला की तीच ते उकरून मोकळे करी.

बुजवणे भागच होते. गेल्या उन्हाळ्यात कोल्हा आपली गारगोटी न उचलताच निघून गेला. आत कुणीतरी आहे असे समजून सायाळीने चार दिवस भुयार उघडे ठेवले आणि तेवढ्यात एक नाग आत जाऊन बसला. पुढच्या वणव्यात सहा उंदीर जीव वाचवायला आत पळाले, त्यांतला एकही बाहेर आला नाही. तेव्हापासून सायाळ तोंडाशीच बसे आणि निघणाऱ्या प्रत्येकाला टोची, "गारगोटी उचललीस का? की नागाला आवतण देऊन चाललास?" कोल्ह्याला तर जंगलात कुणी तोंड वर करून बोलू देत नसे. सशाने मनाशी पक्के केले होते की आपल्यावर अशी पाळी कधी येऊ द्यायची नाही.

यंदाचा वणवा भर दुपारी आला. सायाळ उतारावर धावत सगळ्यांना हाका मारत होती. ससा ओढ्यावरून गारगोटी घेऊन आला, ती खळग्यात ठेवली आणि आत शिरणार, तोच त्याला खार दिसली. तिचे झाड पेटले होते. तीन पिल्लांतले एक तिने वाचवले होते, ते तिच्या तोंडात होते. तिचे चारही पाय भाजले होते. पिल्लू खाली ठेवून ती म्हणाली, "ससेदादा, मी गारगोटी कशी आणू? तोंडात हे आहे, आणि ओढ्यापर्यंत जाणं आता माझ्याच्यानं होणार नाही."

"गारगोटीचं काय घेऊन बसलीस, खारूताई," ससा म्हणाला. "माझी आहे ना तिथे? तिच्यावर आपण दोघं बसू. चल आत."

त्याने तिला अगदी आतल्या, गार कोपऱ्यात नेले. बाहेर आग गरजत होती. खार पिल्लाला चाटत राहिली आणि सशाला आपण फार चांगले काम केले असे वाटले. ते चांगले होतेच.

आग पुढे सरकली. एकेक प्राणी आपापली गारगोटी उचलून निघाला. ससाही उठला.

"तू निघालास तर माझं कसं?" खारीने विचारले.

"मी कुठे लांब चाललोय? तुझ्यासाठी ओला पाला आणतो, पायांना बरं वाटेल. येताना तुझी गारगोटीही आणतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तोंडाशी सायाळ बसलेली होती. खळग्यात तीन गारगोट्या होत्या. एक तितराची, एक घोरपडीची आणि एक त्याची. ससा तसाच पुढे निघाला, तशी सायाळ म्हणाली, "काय रे सशा, तूही कोल्ह्याच्या वळणावर गेलास वाटतं?"

सशाचे कान खाली पडले. आत खार आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. पण मग गारगोटीशिवाय तिला आत का घेतलंस, हेही ऐकावे लागले असते. 'अजून दोन आहेत,' त्याने मनाशी म्हटले, 'तेवढ्यात मी येतोच.' त्याने आपली गारगोटी उचलली.

"विसरलो होतो, मावशी," तो म्हणाला.

ओढ्यावर त्याने ओला पाला तोडला, त्यात एक गारगोटी गुंडाळली आणि ते तोंडात धरून पळत परत आला. भुयाराच्या तोंडाशी मातीचा ढीग होता. सायाळ तो पायांनी चोपत होती.

पाला सशाच्या तोंडातून गळून पडला. "मावशी, आत खार आहे."

सायाळ थांबली. "खळगा रिकामा होता. तितर गेला, मग घोरपड गेली. कुणाच्या गारगोटीवर होती ती?"

"माझ्या."

 दोघेही उकरू लागले. फार खोल जावे लागलेच नाही. सशाला उशीर होतोय असे वाटून खार त्याला बघायला भाजल्या पायांनी सरपटत तोंडापर्यंत आली होती, आणि सायाळीने वरची माती पाडली ती नेमकी तिच्याच अंगावर. तिचे तोंड उजेडाकडे होते. पिल्लू अजून दातांत धरलेले होते. दोघांच्याही अंगात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे प्राणी टेकडीवर जमले.

"बुजवण्याआधी सायाळीनं आत जाऊन बघायला हवं होतं," घोरपड म्हणाली.

"रीतच वाईट आहे," कोल्हा म्हणाला. "मी गेल्या वर्षीच सांगत होतो."

"पण खारीनं तरी आत का राहावं?" तितराने विचारले.

सायाळ मान खाली घालून सगळे ऐकून घेत होती. ससा मागे बसला होता. गप्प बसला असता तरी चालले असते, कारण सायाळीने त्याचे नाव कुणालाही सांगितले नव्हते. तो उठून पुढे आला.

"रीत बरोबर होती," तो म्हणाला. "सायाळमावशीही बरोबर होत्या. आत दोघं आणि खळग्यात एक गारगोटी, हे मी केलं. आणि निघताना तीही मीच उचलली."



तात्पर्य : आपल्या आसऱ्यात दुसऱ्याला घ्यायचे, तर आधी त्याची वेगळी नोंद करावी. नाहीतर आपण बाहेर पडताच त्याचा आसरा सुटतो, आणि तो आत आहे हे कुणाला ठाऊकही नसते.