कस्तुरी लिहीना, मुंगीची अंडी वाचेनात

एक होती मुंगी. शाळेच्या उंबऱ्यापाशी तिचं इवलंसं घर होतं. काल मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं धावली, धडधड धडधड. मुंगीच्या घराचं दार मोडलं. आता आत अंडी. आज पुन्हा घंटा होणार, पुन्हा पाय येणार. मुंगी फार घाबरली.

शाळेच्या दाराशी कस्तुरी बसली होती. मांडीवर पाटी. पाटी कोरी.

मुंगी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.
"कस्तुरी कस्तुरी, पाटीवर लिही, 'मुंगीचं घर. पाय उचला.' माझी अंडी वाचेनात."
कस्तुरी म्हणाली, "माझं चुकतं. मग सगळे हसतात. आधी ओलं फडकं आण. चुकलं की पुसेन. मग लिहीन."

शिपाईकाकांनी घड्याळ पाहिलं.

मुंगी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.
"फडक्या फडक्या, ओलं हो. कस्तुरी लिहीना, माझी अंडी वाचेनात."
फडकं म्हणालं, "माठ पाणी देईल, तर ओलं होईन."

शिपाईकाका उठले.

मुंगी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.
"माठा माठा, पाणी दे. फडकं ओलं होईना, कस्तुरी लिहीना, माझी अंडी वाचेनात."
माठ म्हणाला, "ओगराळं बुडेल, तर पाणी देईन."

शिपाईकाकांनी चपला घातल्या. फटक फटक.

ओगराळं होतं खिळ्यावर, उंच. मुंगी चढली, तुरुतुरु तुरुतुरु.
"ओगराळ्या ओगराळ्या, माठात बुड. माठ पाणी देईना, फडकं ओलं होईना, कस्तुरी लिहीना, माझी अंडी वाचेनात."
ओगराळं म्हणालं, "बाई मला काढतील, तर बुडेन."

शिपाईकाका व्हरांड्यात आले. फटक फटक.

मुंगी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.
"बाई बाई, ओगराळं काढा. ओगराळं बुडेना, माठ पाणी देईना, फडकं ओलं होईना, कस्तुरी लिहीना, माझी अंडी वाचेनात."
बाई म्हणाल्या, "काढते की. पण कोऱ्या पाटीवर पुसणार काय? आधी एक अक्षर दिसू दे."

घ्या! झाली का पंचाईत?

शिपाईकाका घंटेखाली उभे राहिले.

मुंगी पाटीपाशी आली आणि रडली.
"बाई ओगराळं काढीनात, ओगराळं बुडेना, माठ पाणी देईना, फडकं ओलं होईना, कस्तुरी लिहीना, माझी अंडी वाचेनात."

मग तिने डोळे पुसले. पेन्सिलीच्या भुकटीत पाय माखले. पाटीवर चढली आणि चालू लागली. खाली, वर, वळून, पुन्हा खाली. मागे पांढरी रेघ उमटली.

"हा म आहे?" कस्तुरीने विचारलं.
"मुंगीचा म."
"वाकडा आहे गं."
"असू दे. मला लिहायचंय."

कस्तुरी मुंगीकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिल उचलली. कर्र कर्र. म ला उकार दिला. कर्र कर्र. ती लिहीत गेली.

शिपाईकाकांनी हातोडी उचलली.

कस्तुरीने लिहिलं, म्हणून बाईंनी ओगराळं काढलं. ओगराळं बुडलं, माठाने पाणी दिलं, फडकं ओलं झालं. धावत आलं, थपक थपक.
"कुठे चुकलं? पुसू?"
"एकही अक्षर पुसायचं नाही," कस्तुरी म्हणाली. आणि पाटी उंबऱ्याला टेकवली.

टण टण टण!

मुलं धावली, धडधड धडधड. धडधड धड...
थांबली.

"मुं-गी-चं घर. पा-य उ-च-ला."

एकाने पाय उचलला. टुणुक. दुसरीने उचलला. टुणुक. सगळी शाळा गेली, टुणुक टुणुक टुणुक. अंडी वाचली.

बाईंनी विचारलं, "कुणी लिहिलं हे?"
"मी," कस्तुरी म्हणाली.
खालून बारीक आवाज आला, "म सोडून."