तुर्रेरावाची शेपूट

ह्या गोष्टीचा शेवट ओळखून दावा, न्हाई जमायचं. लई वर्सांमागं पल्याडच्या तळ्यात बदकांची दोन घराणी भांडायची. ते भांडण मिटवायला म्होरक्या कोंबडा तुर्रेराव रोज चार कोंबडे धाडायचा. पोहता एकालाबी येईना. कोंबडे दिसले की बदकं भांडण सोडून, एक होऊन त्यांच्या शेपट्या उपटायची.

"उद्या माझ्या धाकट्याची पाळी. आता पुरं कर, बाबा," म्हातारी कोंबडी चंपी म्हणाली.

"मग गेलेल्या शेपट्या फुकट गेल्या म्हणायच्या, मावशे?"

"आणखी घालवून त्या परत येत्यात व्हय?"

सकाळी चंपी अंडी उबवावी तशी धाकट्यावर बसली. बाकीच्या कोंबड्याबी आपापल्या पोरांवर बसल्या. उठायला एक तयार न्हाई.

तुर्रेराव एकटाच ऐटीत तळ्यावर गेला. आता बदकांची पिल्लं त्याच्या शेपटीच्या गादीवर झोपत्यात.